दगड कुणाचा? : टार्बटच्या जुन्या चर्चमधले संग्रहालय

मी वीरगळांच्या मागे हिंडणारा माणूस आहे. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. पोटासाठी नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी आधी सायकलवरून, पुढे दुचाकीवरून गावोगावचे दगड पाहत फिरलो. जे काही शिकलो ते दगडांकडून, ग्रंथालयांतून आणि जाणत्यांना पत्रे लिहून. या हिंडण्यात माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगतो, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावात देवळाचा जीर्णोद्धार चालला होता. तीन खणांचा एक सुंदर वीरगळ पायाच्या भरावात जाण्याच्या बेतात होता. मी गावकऱ्यांना समजावले आणि तो जवळच्या शहरातल्या एका संग्रहालयात पाठवायला लावला. चार वर्षांनी पाहायला गेलो तेव्हा तो मागच्या आवारात, गवतात, इतर तीस-चाळीस दगडांच्या रांगेत पडला होता. त्याच्यावर गावाचे नाव नव्हते, सापडल्याची जागा नव्हती. हाच तो, याची खात्री करायला मला माझी जुनी वही काढावी लागली. पुढे त्या गावात गेलो तर पारावरच्या एका म्हातारबाबांनी विचारले, "आमचा वीर कसा हाय तिकडं?" मला उत्तर देता आले नाही. मी दगड वाचवला असे समजत होतो, प्रत्यक्षात त्याचा पत्ता पुसून आलो होतो.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो तेव्हा किल्ले आणि सरोवरे पाहण्याआधी मी एकच हट्ट धरला : टार्बटचे संग्रहालय पाहायचे. त्याच्याबद्दल मी आधीपासून वाचत होतो. एका लहानशा गावाने आपले पडीक चर्च वाचवले, त्या चर्चच्या जमिनीखाली हरवलेल्या समाजाचा इतिहास निघाला, आणि तो इतिहास त्याच चर्चमध्ये मांडला गेला. हे कसे घडले, ते मला पाहायचे होते.

माझ्या कोलमनचे बंदर

इनव्हरनेसहून उत्तरेकडे निघाले की रस्ता समुद्राच्या काठाकाठाने जातो. वाटेत ॲलनेसजवळच्या फायरिश टेकडीवर एक दगडी कमान आकाशात उभी दिसते. ती कमान म्हणजे तमिळ किनाऱ्यावरच्या नागपट्टणच्या वेशीची प्रतिकृती आहे. बक्सरच्या लढाईत कंपनीच्या फौजेचा सेनापती असलेला हेक्टर मन्रो इथलाच. त्याने 1781 मध्ये डचांकडून नागपट्टण घेतले आणि गावी परतल्यावर ही कमान बांधवून घेतली. आपल्याकडची एक वेस दगडांच्या आठवणीत एवढ्या लांब जाऊन बसली आहे. पण तिच्याकडे पाहणाऱ्या किती जणांना नागपट्टण ठाऊक असेल? मूळ जागेपासून तुटलेली वास्तू शोभेची होते, बोलत मात्र नाही. हा विचार दिवसभर मनात राहिला.

पुढे टार्बटचे द्वीपकल्प लागते. मरे फर्थ आणि डॉर्नॉक फर्थ या दोन खाड्यांच्या मध्ये घुसलेली ही जमिनीची जीभ. टार्बट हे नाव गेलिक भाषेतले आहे. होड्या पाण्याबाहेर काढून जमिनीवरून पलीकडच्या पाण्यात नेण्याची अरुंद जागा, असा त्याचा अर्थ. या द्वीपकल्पावर पोर्टमाहोमॅक हे गाव आहे. 'माझ्या कोलमनचे बंदर' अशी त्या नावाची फोड करतात. कोलमन हा जुना ख्रिस्ती संत. संताच्या नावाआधी 'माझा' लावण्याची ही रीत वाचून मला आपल्या 'माझ्या विठोबा'ची आठवण झाली. गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर असूनही बंदराचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे इथल्या लोकांना सूर्य समुद्रावर मावळताना दिसतो.

गावाच्या कडेला, किंचित उंचावर, पांढरे रंगवलेले जुने चर्च आहे. वर घुमटीसारखा छोटा घंटामनोरा, भोवती थडगी. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि ठिकठिकाणचे भाविक जुनी चर्चे सोडून नव्या पंथात गेले. या चर्चलाही पुढे उतरती कळा लागली. विसाव्या शतकात तिथली उपासना थांबली, छत गळू लागले. 1980 च्या सुमाराला स्थानिक लोकांनी एक विश्वस्त संस्था उभी केली आणि चर्च ताब्यात घेतले. आपल्या पूर्वजांना जिथे पुरले ती वास्तू पडू द्यायची नाही, एवढाच तेव्हा हेतू होता. खाली काय आहे याची पुरी कल्पना कुणाला नव्हती.

पिक्ट म्हणजे कोण

पिक्ट हे नाव लिखाणात पहिल्यांदा येते ते सन 297 मधल्या एका लॅटिन स्तुतिपर भाषणात. रोमन साम्राज्याच्या सरहद्दीपलीकडे, आजच्या स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व भागात राहणारे हे लोक. 'पिक्टी' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'रंगवलेले'. म्हणजे हे नाव परक्यांनी ठेवलेले असावे. पुढे त्यांची राज्ये झाली. 685 मध्ये त्यांनी नॉर्थम्ब्रियाच्या बलाढ्य राजाला लढाईत ठार केले आणि त्याचा उत्तरेकडचा विस्तार थांबवला. आठव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नेक्टन राजाने दगडी चर्च बांधण्यासाठी नॉर्थम्ब्रियातून कारागीर मागवले, असे बीड या इंग्रज भिक्षूच्या इतिहासग्रंथात नोंदले आहे. दहाव्या शतकात मात्र 'पिक्ट' हे नावच मावळते. त्यांचा प्रदेश 'अल्बा' या नव्या राज्यात सामावला, भाषा गेली, आणि त्यांच्याविषयी सांगायला उरले ते शेजाऱ्यांचे ग्रंथ आणि त्यांचे स्वतःचे दगड.

हे दगड विलक्षण आहेत. चंद्रकोर आणि तिच्यावर मोडलेला बाण, दोन तबकड्या जोडणारी नागमोडी काठी, आरसा आणि कंगवा, मासा, गरुड, रानडुक्कर, आणि कुठल्याच खऱ्या प्राण्याशी न जुळणारा एक लांब तोंडाचा जीव. ही ठरावीक चिन्हे दगडामागून दगडावर, बहुधा जोडीने येतात. ती व्यक्तींची नावे असावीत असे अनेक अभ्यासक मानतात, पण ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. आपल्या वीरगळावर सूर्य-चंद्र दिसले की कीर्ती 'आचंद्रसूर्य' टिको, हे आपण लगेच ओळखतो, कारण ती परंपरा अजून आपल्या बोलण्यात जिवंत आहे. पिक्टांच्या चिन्हांचा अर्थ सांगणारे कुणी मागे राहिले नाही.

जमिनीने दिलेली कागदपत्रे

टार्बटच्या चर्चच्या आवारात कोरीव दगडांचे तुकडे एकोणिसाव्या शतकापासून सापडत होते. त्यातला एक धर्मगुरूच्या बागेच्या भिंतीत बसवलेला होता. त्यावर लॅटिनमध्ये येशू ख्रिस्ताच्या नावाने, कुणाच्या तरी स्मरणार्थ हा क्रूस उभारल्याचा मजकूर आहे. अक्षरे खोदलेली नाहीत, उठावाची आहेत, आणि त्यांचे वळण हस्तलिखित ग्रंथांतल्या अक्षरांचे आहे. ज्याने हा दगड घडवला त्याने सुंदर ग्रंथ पाहिले होते, हे उघड आहे. हा तुकडा आता एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

1980 च्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत चर्चभोवतालच्या शेतात एक वळणदार पट्टा दिसला. जमिनीखाली बुजलेला खंदक असला की तिथली माती ओल धरते आणि वरचे पीक वेगळे वाढते. त्या फरकातून इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची हद्द उमटली होती. आयोना बेटावर संत कोलंबाने 563 मध्ये स्थापन केलेल्या प्रसिद्ध मठाभोवतीही अशाच प्रकारचा खंदक आहे. तेव्हा इथेही मठ असेल का, हा प्रश्न उभा राहिला.

यॉर्क विद्यापीठाचे मार्टिन कार्व्हर यांनी 1994 ते 2007 अशी चौदा वर्षे इथे उत्खनन केले. चर्चचा जीर्णोद्धार आणि उत्खनन यांची सांगड घातली गेली. चर्चच्या आतली जमीनही उकलली, आणि भिंतींचा दगडन्‌दगड तपासून कोणत्या शतकात काय बांधले याचा क्रम लावला. 1999 मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा बाहेर शेतात खोदकाम चालूच होते. म्हणजे ज्यांच्या शेजारच्या शेतातून वस्तू निघत होत्या, त्यांना त्या चार पावलांवर पाहता येत होत्या.

चर्चच्या खाली दगडी फरशा उभ्या करून तयार केलेल्या जुन्या कबरी निघाल्या. काही मृतांच्या डोक्याला आधार म्हणून बाजूंनी दगड ठेवले होते. आठव्या शतकातल्या कबरींत जवळजवळ सगळे पुरुष, तेही प्रौढ. साध्या गावाच्या स्मशानात बाया असतात, पोरे असतात. इथे ती नव्हती. मठाचा हा एक मोठा पुरावा ठरला.

वासराच्या कातड्याचे पान

दुसरा पुरावा चर्चच्या खालच्या अंगाला मिळाला. तिथे कारखाने होते. एका भागात धातू आणि काचेचे काम चाले. मुशी आणि साचे सापडले. दुसऱ्या भागात गुरांची हाडे, गायीच्या पायाच्या हाडांपासून केलेल्या खुंट्या, पांढरे गुळगुळीत खडे, घासायचे दगड आणि अर्धचंद्राकृती पात्याची सुरी. हे सगळे एकत्र का असावे? उत्तर मिळाले ते चर्मपत्र करणाऱ्यांच्या कामातून.

वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढतात. मग ते चौकटीवर ताणतात. दोरी थेट कातड्याला बांधली तर कातडे फाटते, म्हणून कडेला एकेक खडा आत गुंडाळून त्याच्याभोवती दोरी आवळतात आणि खुंटीला ओढतात. ताणलेले कातडे अर्धचंद्राकृती पात्याने तासतात, कारण सरळ पात्याचे टोक त्यात घुसेल. शेवटी दगडाने घासून लिहिण्याजोगा पृष्ठभाग करतात. चुना मात्र या भागात सहज मिळत नाही. समुद्री शेवाळावर चिकटणाऱ्या अगदी बारीक शंखांचे जळके अवशेष इथे सापडले. शेवाळ जाळून त्याची राख चुन्याच्या जागी वापरत असावेत, असा कार्व्हर यांचा निष्कर्ष आहे. देशावरच्या माझ्यासारख्याला हे नवल वाटले, पण कोकणात शिंपल्यांचा चुना जाळणाऱ्यांना वाटणार नाही.

एका मोठ्या शुभवर्तमान-ग्रंथाला शंभराहून अधिक वासरांची कातडी लागत. म्हणजे इथे गुरांचे मोठे कळप होते, त्यांना पोसणारी शेती होती, आणि लिहिणारे हातही होते. संग्रहालयातला मला सर्वांत आवडलेला दगड याच जगातला आहे. त्यावर एक बैल आहे, आणि एक गाय आपल्या वासराला चाटते आहे. कोरणाऱ्याने गाय नीट पाहिली होती. ज्या वासरांच्या कातड्यावर देवाचे शब्द लिहायचे, त्या वासरांवरचे गायीचे प्रेम त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

आणि तरीही, पिक्टांचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा एकही ग्रंथ आज आपल्या हाती नाही. ग्रंथ करण्याची हत्यारे सापडली, ग्रंथ सापडले नाहीत. काचेच्या पेटीतल्या त्या हाडाच्या खुंट्यांपुढे मी बराच वेळ उभा होतो.

जाळ

सन 800 च्या आसपास कारखान्यांचा हा भाग जळाला. जळक्या थरातच कोरीव क्रूसस्तंभांचे ठिकऱ्या झालेले तुकडे पडलेले होते. काही कवट्यांवर धारदार हत्यारांचे घाव आहेत. हा काळ वायकिंग हल्ल्यांचा. 793 मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला होता. इथला हल्ला कुठल्याही बखरीत नाही. तो फक्त मातीत आहे. जाळ झाल्यावर जागा ओस पडली नाही. काही काळ इथे पुन्हा धातुकाम आणि शेती चालली, पण चर्मपत्राचे काम परत सुरू झाले नाही. पुढे बाराव्या शतकाच्या सुमाराला दगडी चर्च उभे राहिले तेव्हा फोडलेल्या क्रूसांचे तुकडे पायात आणि भिंतींत घातले गेले. एका तुकड्यावर झगे घातलेल्या प्रेषितांची ओळ आहे आणि मागच्या बाजूला ड्रॅगन. आपल्या धरणांच्या आणि देवळांच्या भिंतींत बसवलेले वीरगळ मी इतके पाहिले आहेत की, तो तुकडा पाहताना मला परके वाटले नाही.

इथे कार्व्हर यांच्याविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 2008 च्या पुस्तकात त्यांनी मठाचा आरंभ सहाव्या शतकात, कोलंबाच्या काळात धरला होता. 2016 च्या अंतिम अहवालात सर्व कालनिश्चिती पुन्हा तपासून त्यांनी आपले मत बदलले : सुरुवातीला इथे सरदारांची वस्ती होती, मठ झाला तो सातव्या शतकाच्या उत्तरार्धात. वीस वर्षे ज्या जागेला दिली तिच्याविषयीचे आपलेच मत बदलायला धैर्य लागते. आमच्यासारख्या हौशी संशोधकांनी हे शिकण्यासारखे आहे.

हिल्टनचा दगड

टार्बटपासून काही मैलांवर हिल्टन हे मच्छीमारांचे गाव आहे. तिथला 'हिल्टन ऑफ कॅडबॉल' हा दगड पिक्टिश शिल्पांत अग्रगण्य मानतात. एका बाजूला शिकारीचे दृश्य आहे. त्यात घोड्यावर बसलेली एक प्रतिष्ठित स्त्री, तिच्याजवळ आरसा नि कंगवा, मागे तुताऱ्या वाजवणारे. दुसऱ्या बाजूचा क्रूस सतराव्या शतकात छिन्नीने पूर्ण तासून टाकला आणि तिथे एका गृहस्थाचा आणि त्याच्या तीन बायकांचा स्मृतिलेख कोरला. एकोणिसाव्या शतकात जमीनदाराने हा दगड आपल्या वाड्यात नेला. 1921 मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला गेला, तेव्हा स्कॉटलंडमध्ये एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तो एडिंबराला परत आला. एडिंबराला आला, हिल्टनला नाही.

गावाने काय केले? बॅरी ग्रोव्ह या शिल्पकाराकडून पूर्ण आकाराची प्रतिकृती करवून घेतली आणि 2000 साली ती मूळ जागी उभी केली. पुढच्याच वर्षी तिथल्या उत्खननात मूळ दगडाचा हरवलेला खालचा भाग जमिनीत रोवलेला सापडला, सोबत तासून काढलेल्या क्रूसाच्या हजारो कपच्या. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे बेवारस पुरातन वस्तू राजसत्तेच्या मालकीची. त्यामुळे वरचा भाग जिथे आहे तिथेच खालचाही जावा, असे तज्ज्ञांचे म्हणणे होते. गावाने ते मानले नाही. खालचा भाग आज शेजारच्या बॅलिंटोरच्या सभागृहात आहे. एक दगड, दोन ठिकाणी.

शान जोन्स या विदुषींनी त्या काळात गावात राहून लोकांशी बोलून अभ्यास केला. त्यांना आढळले की लोक दगडाविषयी माणसाविषयी बोलावे तसे बोलतात : तो इथे जन्मला, इथेच वाढला, त्याला इथेच राहिले पाहिजे. हे वाचताना मला माझ्या पारावरच्या म्हातारबाबांचे शब्द ऐकू आले. "आमचा वीर कसा हाय तिकडं?"

एडिंबराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते मी टाळणार नाही. तिथे दगडाला पाऊस-वारा लागत नाही, जाणकार निगराणी असते, आणि लाखो लोक तो पाहतात. हिल्टनजवळच्या शँडविकचा दगड आपल्या मूळ जागी उभा आहे, पण तो टिकावा म्हणून त्याच्याभोवती काचेची खोली बांधावी लागली. जागेवर ठेवणे म्हणजे उघड्यावर टाकणे नव्हे. त्याला पैसा लागतो, मेहनत लागते, आणि रोज कुलूप उघडणारे माणूस लागते.

टार्बटच्या चर्चने मला याचेच उत्तर दिले. तिथला लेख कोरलेला तुकडा एडिंबराला आहे, आणि संग्रहालय ते लपवत नाही. पण जो तुकडा जिथे सापडला ती जागा, ज्या भिंतीतून निघाला ती भिंत, ज्या खड्ड्यातून हाड आले ते शेत हे सगळे एका हाकेच्या अंतरावर आहे. चर्चखालच्या तळघरात उतरले की जुन्या भिंतीला हात लावता येतो. दगडाचे मोल त्याच्या नक्षीत जितके असते तितकेच त्याच्या पत्त्यात असते. तो पत्ता राखण्याचे काम गावच करू शकते, आणि त्यासाठी गावाला विद्यापीठाची साथ लागते. टार्बटला दोन्ही मिळाले.

परत आल्यावर मी त्या शहरातल्या संग्रहालयाला माझ्या वहीतली नोंद, जागेचा नकाशा आणि जुनी छायाचित्रे पाठवली, आणि दगडावर निदान गावाचे नाव लावावे अशी विनंती केली. उत्तराची वाट पाहतो आहे. दरम्यान दगडावर ओला कागद थापून घेतलेला पूर्ण आकाराचा ठसा चौकटीत बसवून मी गावच्या शाळेत नेऊन दिला. म्हातारबाबा आता नाहीत. त्यांच्या नातवाने चौकट धरायला मदत केली. तो उजेडात सरळ लागला आहे ना, हे चार पावले मागे जाऊन पाहिले, आणि मग मला विचारले, "काका, खरा कधी येणार?"